रिकाम्या विमानाचं वजन

विमान विकायला काढलं तेव्हा जाहिरातीत मी सगळं लिहिलं. एकशे ऐंशी अश्वशक्तीचं इंजिन, नदीकाठच्या गोट्यांवर उतरायची मोठी फुगीर चाकं, बर्फासाठी स्की, पंखांत जादा टाक्या, पोटाखाली सामानाची पेटी, थंडीत इंजिन तापवायचा हीटर, उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र. घरच्या गॅरेजमध्ये चार हिवाळे खपून किटमधून जोडलेलं, जोडणारा आयुष्यभर पत्र्याचं काम केलेला माणूस, एकदाही आपटलेलं नाही. फक्त रिकाम्या विमानाचं वजन लिहिलं नाही, आणि इथे अलास्कात विमान घेणारा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.

लिहिलं नाही, कारण विमानाच्या वहीतलं वजन खोटं आहे. ते मीच लिहिलंय, माझ्या हाताने, निळ्या शाईत, खाली सही ठोकून: तेराशे पन्नास पौंड. खरं वजन बाराशे दहा. एकशे चाळीस पौंड मी हातचे राखून ठेवले होते आणि हे माझ्याशिवाय जगात कोणाला माहीत नव्हतं. माझ्या मुलाला, इव्हरला, तर मरेपर्यंत कळता कामा नये. म्हणूनच विमान विकायचं होतं, कोणी वजनकाटे घेऊन दारात यायच्या आत.

असं का लिहिलं, तेही सांगतो. आमच्याकडे कागदावरचं वजन कोणी पाळत नाही. किटवाले सांगतात, विमान, माणसं, सामान सगळं धरून दोन हजार पौंडांच्या वर जाऊ नका. लोक शिकारीचं मांस भरतात, तंबू भरतात, मेहुण्याला कोंबतात, "शंभर-दीडशे इकडेतिकडे चालतं" म्हणतात आणि निघतात. माझा दोस्त ऑर्व्हल असाच इकडेतिकडे करत निघाला आणि तळ्याच्या टोकाच्या झाडांत गेला. त्याला झाडांतून काढायला मी गेलो होतो. म्हणून इव्हरच्या हाती विमान देताना मी विचार केला, हाही इथलाच पोरगा, हाही दीडशे जास्त भरणार. मग आपणच आधी विमानाचं वजन वाढवून लिहावं, म्हणजे त्याने लबाडी केली तरी जीव वाचेल. मोठा शहाणा मी.

पण इव्हरने बापजन्मात कधी लबाडी केली नाही. न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन तो धावपट्टीवर यायचा. पिशव्या तोलायचा, बूट तोलायचा, कॉफीचा थर्मास तोलायचा. त्याचे मित्र त्याला पाद्री म्हणून चिडवायचे. "माझ्या बाबांनी वजन केलंय," तो म्हणायचा, "त्यांनी लिहिलं म्हणजे लिहिलं." हे ऐकून माझी छाती फुगायची. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माणूस स्वतःचं कौतुक ऐकत असताना मध्येच थांबवतो का? मी नाही थांबवलं.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. इव्हर, त्याची बायको लिओना आणि मी, तिघं ओटर नदीच्या वरच्या अंगाला कॅरिबू हरणांच्या शिकारीला गेलो होतो. नदीच्या पात्रात गोट्यांचं एक बेट आहे, तिथे उतरतात. आम्हा तिघांना त्याने दोन खेपांत आणलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओल्या दगडावरून घसरलो आणि कमरेचं हाड मोडलं. इव्हरने मला उचलून विमानाशी नेलं. पश्चिमेला ढग खाली यायला लागले होते. त्याने वही काढली आणि पंखाखाली बसून बेरीज केली. तो, मी आणि पेट्रोल; सामान सगळं इथेच टाकायचं. कागदाप्रमाणे ऐंशी पौंडांची जागा उरत होती. लिओना एकशे अठ्ठावीस पौंडांची.

"अठ्ठेचाळीस जास्त होतात," इव्हर म्हणाला.

"मग बाबांना ने," लिओना म्हणाली. "मी कॉफी उकळून बसते. सव्वा तासात तर येशील."

"बेट आखूड आहे गं. नाहीतर..."

"नाहीतर काय? पाद्रीबुवा आता पाप करणार का? जा तू."

मी विमानात बसलो होतो. दुखत होतं, भयंकर दुखत होतं, पण शुद्ध हरपली नव्हती. पुढे लोकांना मी सांगितलं की मला काही आठवत नाही, ते खोटं. मला सगळं आठवतं. मला कळत होतं की तिघंही जाऊ शकतो आणि वर नव्वद पौंड उरतात. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर सहा वर्षं मी पोराला फसवत आलो हे त्याच्या बायकोसमोर उघडं पडलं असतं. त्याने त्या आकड्यावर एवढा विश्वास ठेवला आणि मी मात्र त्याला बाकीच्यांसारखाच लबाड समजलो होतो, हे कळलं असतं. मला लाज वाटली. मनात म्हटलं, सव्वा तासाचा तर प्रश्न आहे. आणि गप्प बसलो.

ढग सव्वा तास थांबले नाहीत. आम्ही उतरलो तेव्हाच मागची खिंड बंद झाली होती. इव्हर तीनदा उडाला आणि तीनदा परत आला. हेलिकॉप्टरवाल्यांनाही जाता येईना. चार दिवस पाऊस कोसळला. लिओनाकडे निरोपाचं छोटं यंत्र होतं. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, मस्त आहे, तुझ्या वाटचं चॉकलेट खाल्लं. तिसऱ्या दिवशी लिहिलं, पाणी वाढतंय, पण धुक्यात येऊ नकोस. चौथ्या दिवशी काही आलं नाही. ढग उठल्यावर बेट जागेवर नव्हतं. ती सापडली सात मैल खाली.

तेव्हापासून इव्हर माझ्या घरी राहतो. लाकडं फोडतो, जेवतो, झोपतो. विमानाला हात लावत नाही. आणि एकच वाक्य बोलतो: "वजन बसत नव्हतं." पोलिसांना तेच म्हणाला, प्रार्थनामंदिरात तेच म्हणाला. लिओनाच्या आईने फोनवर विचारलं, माझ्या लेकीला मागे का सोडलंस, तर त्याने वहीचं पान तिला वाचून दाखवलं, आकड्यासकट. ती बिचारी म्हणाली, बरं बाळा. गेल्या हिवाळ्यात एकदा जेवताना तो मला म्हणाला, "बाबा, तो आकडा नसता ना, तर मी कधीच गोळी घालून घेतली असती. पण आकडा आहे. काही इलाजच नव्हता." मी त्याला बटाटे वाढले.

एवढ्यावर माझं पोरगं जगत होतं. माझ्या खोट्यावर.

वसंतात तोच म्हणाला, "ते विकून टाका. खिडकीतून दिसतं." मला हायसं वाटलं. म्हटलं, घेऊ दे कोणीतरी, जाऊ दे लांब, काय तोलायचं ते तिथे जाऊन तोला.

पहिलं गिऱ्हाईक अगदी मनासारखं मिळालं. शहरातला दातांचा डॉक्टर, नवा कोरा कोट, पायात नवे बूट. वही उघडूनसुद्धा पाहिली नाही. चाकांना हात लावून म्हणाला, "वा, काय दणकट आहे." मी म्हटलं, देवच पावला. पण इव्हर घरातून बाहेर आला आणि त्याला विचारलं, "किती तास उडवलंत?"

"शिकतोय. चाळीसेक झाले."

"मग हे घेऊ नका," इव्हर म्हणाला. "हे गोट्यांवर उतरायचं विमान आहे. तुम्ही पहिल्या महिन्यात मराल. बायको आहे ना? तिला घेऊन मराल."

डॉक्टर गेला. "गिऱ्हाईक का पळवलंस?" मी ओरडलो.

"सांगायला नको का माणसाला?" इव्हर म्हणाला.

दुसरी आली मॅव्हिस. पन्नाशीची, डोंगरापलीकडच्या गावातली, पेशाने विमानाची मेकॅनिक. बोलताना तोंड आणि हात दोन्ही चालू. तिने दोन तास विमान पाहिलं. रिव्हेटांच्या ओळींवरून बोट फिरवलं, झाकणं उघडली, आत डोकं घालून टॉर्च मारला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "म्हातारबा, काम बघून तुमच्या पाया पडावंसं वाटतं. पण एक गोष्ट पटत नाही. तेराशे पन्नास? एवढं कशाने भरलं?"

"चाकं मोठी आहेत," मी म्हटलं. "पेटी आहे. टाक्या आहेत."

"ते सगळं धरूनही होत नाही. मी उद्या माझे काटे घेऊन येते."

"त्याची गरज नाही. वहीत आहे लिहिलेलं."

"अहो, मी माझ्या नवऱ्यालासुद्धा तोलून विमानात घेते. सांगतो त्यापेक्षा नेहमी वीस पौंड जास्तच भरतो. आमची धावपट्टी आखूड, टोकाला ही उंच झाडं, आणि मागे माझी बहीण बसणार. तोलल्याशिवाय नाही घेणार मी."

"मग नका घेऊ."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे विमान याहून जड आहे की काय? खरं सांगा हं. मी कोणाला बोलणार नाही."

जड. मला हसावं की रडावं कळेना. तोलू दिलं नसतं तर आठवड्यात सगळ्या खोऱ्यात झालं असतं की आर्विड टोलफ्सन वजन लपवतो. मग इव्हरच्या कानावर आलं असतं, आणि तो पाद्री स्वतः काटे घेऊन आला असता. म्हणून मी म्हटलं, "या उद्या."

त्या दुपारी इव्हर लाकडं आणायला गेला तेव्हा मी हँगरमध्ये गेलो. माझ्याकडे शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या होत्या, पंचवीस पंचवीस पौंडांच्या. मोडलेली कंबर घेऊन, काठी टेकत, एकेक पिशवी मी विमानात नेली. पाच पिशव्या आणि पंधरा पौंडांची एक साखळी. लपवायला जागा होती ती फक्त शेपटीकडे, मागच्या तळपत्र्याखाली. पत्रा बसवला, स्क्रू आवळले, पुसून काढलं. एकाहत्तर वर्षांचा मी, आयुष्यात कोणाचा खिळाही चोरला नाही, आणि घाम पुसत उभा होतो तो चोरासारखा.

कॉफी प्यायला बसलो. शेपटीत एकशे चाळीस पौंड घेऊन ती बाई आखूड पट्टीवरून वर चढवणार, समोर झाडं, मागे बहीण. नाक वर जाईल ते जाईलच, खाली यायचं नाही. ऑर्व्हलला काढताना जे पाहिलं ते मला पुन्हा दिसलं. माझ्या एका आकड्याने एक बाई गेली होती. मी परत गेलो आणि सगळ्या पिशव्या काढल्या. घालायला तासभर लागला होता, काढायला दोन.

मग एकच वाट उरली, इव्हरला आपणच आधी सांगायचं. सकाळी त्याने पॅनकेक केले. मी म्हटलं, "इव्हर, त्या वहीबद्दल..."

"दिली का तिला? मूळ वहीच द्या. मी त्या पानाची नक्कल काढून ठेवलीय." तो उठला, ताटली धुतली. "माझ्या पाकिटात आहे."

मी पॅनकेक खाल्ला. मनाशी म्हटलं, तोलताना त्याला लांब ठेवू, कुठेतरी पाठवू. त्याला मी गावात इंधन आणायला पाठवलं, पण तो गाडीत रिकामी पिंपं चढवत असतानाच मॅव्हिसची गाडी आली. तिने तिन्ही चाकांसाठी तीन काटे मांडले. वाऱ्याने आकडा हलतो म्हणून हँगरचं दार लावून घेतलं. टाक्या रिकाम्या केल्या. मग म्हणाली, "आता शेपटी उचलून काट्यावरच्या घोडीवर ठेवायची. चला, धरा तिकडून."

"माझी कंबर," मी म्हटलं.

"अरे हो. थांबा." आणि मी काही म्हणायच्या आत तिने दार उघडून हाक मारली. "ओ साहेब! जरा हात लावता का?"

इव्हर पिंपं बांधून आत्ता कुठे निघत होता, तो गाडीचं इंजिन बंद करून आला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने विमानाला हात लावला. एका दमात शेपटी उचलली, घोडीवर ठेवली आणि तिथेच उभा राहिला. मॅव्हिस गुडघ्यावर बसून आकडे वाचत होती आणि हाताच्या पंजावर पेनाने लिहीत होती.

"डावं पाचशे एकसष्ट. उजवं पाचशे सहासष्ट. शेपटी ब्याऐंशी." तिने बेरीज केली. मग परत केली. उठून तिन्ही काटे शून्यावर आणून बघितले, इव्हरला पुन्हा शेपटी उचलायला लावली, पुन्हा वाचले. मी भिंतीला टेकून उभा होतो. कोणी मला काही विचारत नव्हतं.

"बाराशे नऊ," ती म्हणाली आणि हसायला लागली. "म्हातारबा, तुम्ही पत्र्याचे राजे, पण बेरजेत कच्चे. एकशे एक्केचाळीस पौंड हलकं आहे हो हे! मी तर जड असेल म्हणून घाबरले होते. अहो, यात तर आणखी एक माणूस आरामात बसेल. तुम्ही सांगितल्यापेक्षा जास्त पैसे देते, जा."

इव्हरने खिशातून पाकीट काढलं. त्यातून घडीचा कागद काढला, उघडला, वाचला. मग तिच्या हातावरचे आकडे वाचले. त्याला बेरीज करायला वेळ लागत नाही, लहानपणापासून लागत नाही.

"काटे बरोबर आहेत?" त्याने तिला विचारलं.

"गेल्या महिन्यात तपासून घेतलेत."

त्याने मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघायला हवं होतं, पण बघितलं नाही, आणि त्याला माझ्या तोंडावर सगळं दिसलं असावं.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"तिथे? विमानात बसल्यावर?"

"हो."

"तुमचा पट्टा तिने बांधला, बाबा. तुम्हाला वाकता येत नव्हतं म्हणून तिने आत वाकून बांधला. तिचा चेहरा तुमच्या एवढ्या जवळ होता."

मॅव्हिसचं हसू कधीच थांबलं होतं. तिला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळलं होतं. इव्हर तिला म्हणाला, "बाई, विमान चांगलं आहे. घ्या तुम्ही. शेपटी खाली घ्यायला मी धरतो." त्याने शेपटी अलगद खाली ठेवली आणि काटे उचलून तिच्या गाडीत नेऊन ठेवले.

तिसऱ्या दिवशी ती विमान घेऊन गेली. नवा आकडा तिने वहीत लिहिला, माझ्या आकड्यावर रेघ मारून.

इव्हर माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. विमान गेलं त्या दुपारी स्वयंपाकघरात त्याने फोन लावला. लिओनाच्या आईला, हे मला पहिल्याच शब्दाला कळलं.

"आई, मी इव्हर. तुम्ही विचारलं होतं ना. जागा होती." तो थांबला. पलीकडे ती काहीतरी विचारत असावी. "हो, होती. परवा कळलं. वजन चुकीचं होतं." पुन्हा थांबला. "कोणाची चूक म्हणजे? माझीच. विमान माझं होतं, तोलायचं काम माझं होतं. मी नीट बघितलं नाही."

पलीकडून रडणं ऐकू यायला लागलं, मला दारापर्यंत ऐकू आलं. इव्हर पाठमोरा, भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने माझं नाव घेतलं नाही. मी दारात होतो, फोन माझ्यापासून दोन पावलांवर होता आणि मला सगळं आठवत होतं. तो पुन्हा म्हणाला, "हो, माझीच चूक," आणि मी काठी टेकून तिथेच उभा राहिलो.